विश्लेषण : सर्व्हर ‘बंद’ असतानाही उघडे राहणारे दार! ‘बीएमसी’मधील त्रुटी इतकी गंभीर का?

अमेरिकेच्या ‘सिसा’ या सरकारी सायबर सुरक्षा यंत्रणेने २५ जून २०२५ रोजी, प्रत्यक्ष हल्ल्यांत वापरल्या जात असलेल्या त्रुटींच्या आपल्या यादीत एका वेगळ्या नोंदीची भर घातली. ही त्रुटी लिनक्समध्ये नाही आणि विंडोजमध्येही नाही. ती आहे सर्व्हरच्या मदरबोर्डवर बसवलेल्या, दुरून देखभाल करण्यासाठी असलेल्या एका छोट्या संगणकात. सर्व्हरवरील ऑपरेटिंग सिस्टीम कितीही काटेकोरपणे अद्ययावत ठेवली, तरी या छोट्या संगणकाचे दार त्याने बंद होत नाही. रुग्णालये, बँका, सरकारी कार्यालये आणि डेटा सेंटर यांचा कारभार ज्या सर्व्हरवर चालतो, त्यांच्या सुरक्षेबाबत ही घडामोड काय सांगते, याविषयी...

नेमके काय घडले?

अमेरिकेतील ‘अमेरिकन मेगाट्रेंड्स’ अर्थात ‘एएमआय’ ही कंपनी सर्व्हरसाठी ‘मेगारॅक’ नावाचे फर्मवेअर तयार करते. अनेक कंपन्या आपल्या सर्व्हरमध्ये ते वापरतात. ‘एक्लिप्सियम’ या सुरक्षा कंपनीच्या संशोधकांना या फर्मवेअरमध्ये अशी त्रुटी आढळली, की कोणताही पासवर्ड न देता त्याचा ताबा घेता येतो. एएमआयने ११ मार्च २०२५ रोजी दुरुस्ती उपलब्ध केली आणि आठवड्याभराने संशोधकांनी तपशील जाहीर केला. या त्रुटीचा क्रमांक सीव्हीई-२०२४-५४०८५ असा असून तिची तीव्रता १० पैकी १० ठरवण्यात आली आहे.

त्यानंतर साधारण तीन महिन्यांनी सिसाने तिचा समावेश ‘हल्ल्यांत वापरली जात असलेली’ या यादीत केला आणि अमेरिकेतील केंद्रीय नागरी कार्यालयांना १६ जुलैपर्यंत दुरुस्ती करण्यास सांगितले. ही यादी नोव्हेंबर २०२१ पासून चालवली जाते. त्यात हजाराहून अधिक त्रुटी आहेत. पण सर्व्हरच्या या भागातील त्रुटी तिथे पोहोचण्याची ही पहिलीच वेळ होती. संशोधकांचे इशारे बरीच वर्षे येत होते. आता मात्र धोका कागदावरचा राहिलेला नाही, असा या नोंदीचा अर्थ आहे.

‘बीएमसी’ म्हणजे काय?

मुंबईकरांना बीएमसी म्हटले की महापालिका आठवते. सर्व्हरच्या जगात मात्र बीएमसी म्हणजे ‘बेसबोर्ड मॅनेजमेंट कंट्रोलर’. मदरबोर्डवर बसवलेली ही एक चिप असते. तिला स्वतःचा प्रोसेसर, स्वतःची मेमरी आणि बहुतेक वेळा स्वतःचे वेगळे नेटवर्क पोर्ट असते. सर्व्हर बंद केला तरी वीजजोडणी असेपर्यंत ही चिप चालू राहते.

तिचे काम देखभालीचे. डेटा सेंटरमध्ये हजारो सर्व्हर असतात आणि ते सांभाळणारी माणसे अनेकदा दुसऱ्या शहरात बसलेली असतात. सर्व्हर अडकला, चालू होईना किंवा त्याचे नेटवर्कच बंद पडले, तर नेहमीच्या मार्गाने त्यात शिरता येत नाही. अशा वेळी व्यवस्थापक बीएमसीला जोडणी करतो. तिच्यामार्फत सर्व्हर बंद-चालू करता येतो, त्याचा पडदा घरबसल्या पाहता येतो, कीबोर्ड चालवता येतो आणि आपल्या संगणकावरील डिस्कची प्रतिमा जोडून नवी ऑपरेटिंग सिस्टीमही बसवता येते. पंख्यांचा वेग, तापमान आणि विजेचा दाब यांवरही तिचीच नजर असते. थोडक्यात, सर्व्हरसमोर उभ्या असलेल्या माणसाला जे करता येते, त्यातील बहुतेक सगळे बीएमसीला करता येते.

डेलचे ‘आयड्रॅक’ आणि एचपीईचे ‘आयएलओ’ ही याच व्यवस्थेची वेगवेगळी नावे. गंमत अशी, की बीएमसीचे फर्मवेअर हेही बऱ्याचदा लिनक्सवरच आधारलेले असते. म्हणजे लिनक्सच्या एका सर्व्हरच्या पेटीत प्रत्यक्षात दोन लिनक्स चालू असतात. एक सर्वांना माहीत असते, दुसरे अनेकांच्या लक्षातही नसते.

ही सोय आली कुठून?

पूर्वी ही सोय मदरबोर्डवर नसे. ती हवी असेल तर वेगळे कार्ड विकत घेऊन सर्व्हरमध्ये बसवावे लागे. आयबीएमचे ‘रिमोट सुपरव्हायझर ॲडॉप्टर’, डेलचे ‘ड्रॅक’ आणि कॉम्पॅकचे ‘रिमोट इनसाइट’ ही त्यांपैकी काही नावे. कार्ड बसवले की काम संपत नसे. लिनक्स किंवा अन्य युनिक्स प्रणालीला त्या कार्डाशी बोलता यावे म्हणून कंपनीकडून ड्रायव्हर मिळवून तो बसवावा लागे, कार्डाला वेगळा आयपी पत्ता द्यावा लागे आणि वापरकर्त्यांची खाती तयार करावी लागत. या खटाटोपाचा एक फायदा होता. दुरून शिरण्याचे एक दार आपण उघडत आहोत, याची जाणीव ते बसवणाऱ्याला असे.

१९९८ मध्ये इंटेल, डेल, एचपी आणि एनईसी या कंपन्यांनी ‘आयपीएमआय’ हे समान मानक आणले. हळूहळू कार्डाची जागा मदरबोर्डवरील चिपने घेतली. २०१५ मध्ये ‘रेडफिश’ हे अधिक आधुनिक मानक आले, ज्यात वेबवरील सेवांसारखाच संवाद चालतो. सोय आता आपोआप मिळू लागली. तिच्याबरोबर येणारी जबाबदारीही आपोआप आली, पण ती अनेकांच्या कामाच्या यादीत कधी चढलीच नाही.

ड्रायव्हरची भूमिका कोणती?

सर्व्हरवरील ऑपरेटिंग सिस्टीम आणि बीएमसी यांच्यात दोन प्रकारचे अंतर्गत पूल असतात. पहिला आयपीएमआयचा. लिनक्सच्या कर्नलमध्ये त्यासाठीचे ड्रायव्हर पूर्वीपासूनच आहेत. एक भाग बीएमसी शोधून तिच्याशी संपर्क साधतो, दुसरा निरोपांची देवाणघेवाण सांभाळतो आणि तिसरा इतर प्रोग्रामांसाठी एक उपकरण-फाइल उघडून देतो. फ्रीबीएसडी आणि सोलारिसमध्येही अशीच सोय आहे. ‘आयपीएमआयटूल’सारखी साधने आणि तापमान-पंख्यांवर नजर ठेवणारे प्रोग्राम याच वाटेने माहिती घेतात.

दुसरा पूल नेटवर्कचा. अनेक सर्व्हरमध्ये बीएमसी स्वतःला यूएसबीने जोडलेले नेटवर्क ॲडॉप्टर म्हणून पुढे करते. लिनक्सचा नेहमीचा यूएसबी नेटवर्क ड्रायव्हर ते ओळखतो आणि नेटवर्क कार्डांच्या यादीत एक जादा नाव दिसू लागते. १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता असलेले हे कार्ड कशाचे, असा प्रश्न नव्या सिस्टीम ॲडमिनला हमखास पडतो. ते बाहेरच्या जगाशी जोडलेले नसते. सर्व्हर आणि बीएमसी यांच्यातील ती खासगी गल्ली असते.

हे पूल सोयीचे असले, तरी त्यांच्यावरून दोन्ही बाजूंनी ये-जा होते. सर्व्हरवर ‘रूट’ अधिकार मिळवलेला हल्लेखोर आयपीएमआय ड्रायव्हरच्या वाटेने, बीएमसीचा पासवर्ड ठाऊक नसतानाही, अनेक सर्व्हरवर बीएमसीमध्ये नवे खाते उघडू शकतो. कारण, जो आतून बोलतो तो विश्वासू, असे या मानकाचे गृहीतक आहे. उलट बाजूने, बीएमसी हाती आली की सर्व्हर पुन्हा सुरू करून त्यात हवे ते चढवता येते. त्यामुळे दोहोंपैकी एक पडले की दुसरेही धोक्यात येते.

ताजी त्रुटी कशी काम करते?

मेगारॅकमधील त्रुटीचे मूळ याच ‘आतल्या माणसावरील’ विश्वासात आहे. रेडफिशकडे मागणी आली, की ती बाहेरून आली की सर्व्हर-बीएमसीमधील अंतर्गत गल्लीतून, हे फर्मवेअर तपासते. आतून आली असेल तर ओळखीची कडक तपासणी होत नाही. अडचण अशी, की ही तपासणी करताना मागणीसोबत आलेल्या एका शीर्ष-नोंदीवर विसंबून राहिले जात होते. ही नोंद पाठवणाऱ्यालाही भरता येते. तिथे अंतर्गत पत्ता लिहिला, की बाहेरचा माणूस आतला ठरतो. एखाद्या सोसायटीच्या वॉचमनने येणाऱ्याला ‘कुठले?’ असे विचारावे आणि ‘याच बिल्डिंगमधला’ एवढ्या उत्तरावर फाटक उघडावे, तसाच हा प्रकार.

विशेष म्हणजे २०२३ मध्ये याच फर्मवेअरमध्ये याच धाटणीची एक त्रुटी सापडली होती आणि ती दुरुस्तही झाली होती. तिचा शोध लागण्याची पार्श्वभूमीही बोलकी आहे. २०२१ मध्ये तैवानच्या गिगाबाइट कंपनीवर खंडणीखोरांचा सायबर हल्ला झाला. त्यात चोरलेल्या व उघड झालेल्या माहितीत एएमआयच्या फर्मवेअरचा मूळ कोडही होता. संशोधकांनी तो तपासला आणि त्रुटी हाती लागली. जो कोड संशोधकांना मिळाला, तो हल्लेखोरांनाही मिळाला असणार, हे उघड आहे.

हल्लेखोर काय करू शकतो?

नेहमीच्या हल्ल्यात शेवटचा उपाय ठरलेला असतो. डिस्क पुसायची, ऑपरेटिंग सिस्टीम नव्याने बसवायची आणि बॅकअपमधून माहिती परत आणायची. बीएमसीमध्ये शिरलेल्या हल्लेखोरावर हा उपाय चालत नाही, कारण तो डिस्कवर नसतोच. सर्व्हरवरील अँटिव्हायरस आणि इतर पहारेकरी ऑपरेटिंग सिस्टीमच्या आत बसलेले असतात. खालच्या मजल्यावर काय चालले आहे, हे त्यांना दिसत नाही.

२०२१ च्या अखेरीस इराणमधील ‘अमनपरदाज’ या सुरक्षा कंपनीने उघड केलेले ‘आयएलओब्लीड’ प्रकरण याचे उदाहरण आहे. एचपीच्या सर्व्हरमधील आयएलओ फर्मवेअरमध्ये दडलेला हा घातक प्रोग्राम सर्व्हरच्या डिस्क पुसून टाकत असे. कोणी फर्मवेअर अद्ययावत करायला गेले, तर तो ती प्रक्रिया रोखून धरे आणि ती यशस्वी झाल्याचा देखावाही करी.

ताज्या त्रुटीबाबत एक्लिप्सियमने दिलेली यादीही चिंता वाढवणारी आहे. सर्व्हरमध्ये खंडणीचे सॉफ्टवेअर चढवणे, तो सतत बंद-चालू होत राहील अशा फेऱ्यात अडकवणे, मदरबोर्डचे फर्मवेअर बिघडवून तो कायमचा निकामी करणे आणि विजेचा दाब वाढवून भागांना इजा पोहोचवणे हे त्यातून शक्य आहे. रुग्णालयाचा सर्व्हर असा निकामी झाला, तर बॅकअप हाताशी असूनही तो चढवायला यंत्रच उरत नाही.

असे हल्ले याआधी झाले आहेत का?

होय. २०१८ च्या अखेरीस ‘जंगलसेक’ या खंडणीखोर सॉफ्टवेअरने लिनक्स सर्व्हरना लक्ष्य केले. असुरक्षित आयपीएमआयमधून शिरायचे, सर्व्हर पुन्हा सुरू करून ‘सिंगल युजर’ स्थितीत न्यायचा, रूट अधिकार मिळवायचे आणि फायलींना कुलूप घालायचे, अशी त्याची पद्धत होती. एका बळीच्या सर्व्हरवर कंपनीने दिलेला मूळ पासवर्डच कायम होता.

मानकातही दोष आहेत. आयपीएमआयच्या २००४ मधील दुसऱ्या आवृत्तीत, वापरकर्त्याचे नाव अचूक सांगितले की ओळख पटण्याआधीच बीएमसी पासवर्डचे सांकेतिक रूप समोरच्याच्या हाती देते. ते घेऊन पासवर्ड निवांतपणे फोडत बसता येते. २०१३ मध्ये संशोधक डॅन फार्मर यांनी या दोषांकडे लक्ष वेधले होते. हा दोष मानकाचाच भाग असल्याने तो दुरुस्त करता येत नाही. नेटवर्कवरून आयपीएमआय बंद ठेवणे किंवा त्याच्यापर्यंत कोणाला पोहोचू न देणे, एवढेच हाती उरते.

भाड्याच्या सर्व्हरचा प्रश्न आणखी वेगळा. २०१९ मध्ये एक्लिप्सियमने आयबीएमच्या क्लाउड सेवेवर एक प्रयोग केला. सर्व्हर भाड्याने घेतला, बीएमसीच्या फर्मवेअरमध्ये छोटासा बदल केला आणि सर्व्हर परत केला. तोच सर्व्हर पुन्हा मिळवला, तेव्हा तयार केलेले जादा खाते पुसलेले होते. पण फर्मवेअरमधील बदल तसाच होता. आयबीएमने त्यानंतर ग्राहक बदलताना फर्मवेअर नव्याने चढवण्याची पद्धत सुरू केली.

दुरुस्ती आली, तरी धोका का टळत नाही?

लिनक्समधील त्रुटीची दुरुस्ती एका आज्ञेसरशी बसवता येते. बीएमसीचा मार्ग लांबचा आहे. चिप एका कंपनीची, फर्मवेअर एएमआयसारख्या दुसऱ्या कंपनीचे, मदरबोर्ड तिसऱ्याचा आणि सर्व्हरवरील नाव कधी कधी चौथ्याचे. एएमआयने दुरुस्ती दिली, की ती प्रत्येक कंपनीने आपल्या मॉडेलमध्ये मिसळायची, तपासायची आणि आपल्या संकेतस्थळावर ठेवायची. ताज्या प्रकरणात एएमआयची दुरुस्ती मार्चमध्ये आली, तर एसुसने आपल्या काही मदरबोर्डसाठी ती एप्रिलमध्ये दिली. विक्री थांबलेल्या जुन्या मॉडेलना ती मिळेलच, असे नाही.

शेवटचा टप्पा ग्राहकाचा. फर्मवेअर बदलण्यासाठी बऱ्याचदा सर्व्हर थोडा वेळ बंद ठेवावा लागतो आणि मध्येच वीज गेली तर मदरबोर्ड निकामी होण्याची भीती असते. त्यामुळे ‘चालतंय ना, मग हात लावू नका’ असा पवित्रा घेतला जातो. शिवाय, हे काम नेमके कोणाचे? सर्व्हर विभाग म्हणतो नेटवर्कवाल्यांचे, नेटवर्क विभाग म्हणतो हार्डवेअर पुरवठादाराचे, आणि पुरवठादाराचा देखभाल करार संपलेला असतो.

महाराष्ट्रासाठी हा विषय महत्त्वाचा का?

देशातील डेटा सेंटरचा सर्वात मोठा पसारा मुंबई महानगर परिसरात आहे. ऐरोली, महापे, रबाळे या पट्ट्यातील इमारतींतून बँका, विमा कंपन्या, चित्रपट-मालिका दाखवणाऱ्या सेवा आणि सरकारी प्रणाली चालतात. मोठ्या डेटा सेंटरमध्ये देखभालीचे नेटवर्क वेगळे ठेवण्याची पद्धत रुळलेली आहे. अधिक काळजी आहे ती सहकारी बँका, महाविद्यालये, मध्यम रुग्णालये आणि लघुउद्योगांची. तिथे एकदोन सर्व्हर असतात, ते सांभाळणारा एकच माणूस असतो किंवा बाहेरची एजन्सी असते. कोपऱ्यातील खोलीत ठेवलेल्या सर्व्हरच्या देखभालीच्या पोर्टची केबल ऑफिसच्या त्याच स्विचमध्ये खोचलेली असते, ज्यात सगळ्यांचे संगणक आहेत. वापरलेले सर्व्हर विकत घेणाऱ्यांना तर आधीच्या मालकाची बीएमसीतील खातीही सोबत मिळू शकतात.

कायद्याचा काचही आता आहे. ‘सर्ट-इन’च्या एप्रिल २०२२ मधील निर्देशांनुसार सायबर घटनेची माहिती सहा तासांत कळवणे आणि नोंदी १८० दिवस जपून ठेवणे बंधनकारक आहे. बीएमसी आपल्या नोंदी वेगळ्या ठेवते. त्या गोळाच केल्या जात नसतील, तर घुसखोरी कधी आणि कशी झाली, हे सांगता येणार नाही. डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायदा, २०२३ मध्ये पुरेशी सुरक्षा न राखल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. ‘तो भाग आमच्या लक्षातच नव्हता’ हे त्यावरचे उत्तर होऊ शकत नाही.

उपाय कोणते?

सिसा आणि अमेरिकेच्या राष्ट्रीय सुरक्षा संस्थेने (एनएसए) जून २०२३ मध्ये बीएमसीच्या सुरक्षेबाबत संयुक्त मार्गदर्शन प्रसिद्ध केले. त्याच सुमारास सिसाने, देखभालीची दारे थेट इंटरनेटवर उघडी आढळल्यास ती १४ दिवसांत बंद करा, असा आदेश अमेरिकी कार्यालयांना दिला. तरीही मार्च २०२५ मध्ये ताज्या त्रुटीचा शोध घेताना एक्लिप्सियमला हजारावर मेगारॅक उपकरणे इंटरनेटवर उघडी दिसली.

बहुतेक उपायांना पैसा लागत नाही, लक्ष लागते. पहिले काम मोजणीचे. आपल्याकडे किती सर्व्हर आहेत, त्यांतील किती बीएमसी चालू आहेत आणि त्यांचे पत्ते कोणते, याची यादी हवी. त्यानंतर देखभालीचे नेटवर्क कार्यालयीन नेटवर्कपासून वेगळे करावे आणि तिथे फक्त व्हीपीएनने, ठरावीक संगणकांवरूनच पोहोचता येईल असे पाहावे. कंपनीने दिलेले मूळ पासवर्ड बदलावेत, अनोळखी खाती काढावीत, आयपीएमआयचा नेटवर्कवरील वापर गरज नसल्यास बंद करावा. फर्मवेअर अद्ययावत करण्याचे वेळापत्रक ऑपरेटिंग सिस्टीमइतकेच नेमाने पाळावे.

सर्व्हरच्या आतही पाहायला हवे. ज्या यंत्रावर आयपीएमआयची साधने वापरलीच जात नाहीत, तिथे त्यांचे ड्रायव्हर आपोआप चढू न देणे लिनक्समध्ये सहज शक्य आहे. अंतर्गत यूएसबी नेटवर्क ॲडॉप्टर वापरात नसेल तर तोही बीएमसीच्या सेटिंगमधून बंद करावा. काही नव्या सर्व्हरमध्ये आतून येणाऱ्या आज्ञांनाही पासवर्ड सक्तीचा करण्याची सोय आहे. ती मुद्दाम चालू करावी लागते. सर्व्हर विकताना किंवा भंगारात काढताना डिस्क काढून घेतली की झाले, असे मानू नये. बीएमसीही मूळ स्थितीत आणावी.

दुरून देखभाल करण्याची सोय आता मागे घेता येणार नाही, आणि तशी गरजही नाही. मध्यरात्री अडकलेला सर्व्हर सुरू करायला पुण्याहून ऐरोलीला धावत जाणे कोणालाच परवडणारे नाही. प्रश्न आहे तो, पेटीतला हा दुसरा संगणक कोणाच्या जबाबदारीचा, हे प्रत्येक संस्थेने ठरवण्याचा. सिसाच्या यादीतील नोंदीनंतर तो प्रश्न पुढे ढकलण्याचे कारण उरलेले नाही.